शिडीची चार भोकं

मार्च संपत आला, खाडीवर बर्फ तसाच.
शेडमधला हीटर फुरफुरतो, ऊब देत नाही,
आणि मी मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेला हातोडा घेऊन
बोटीच्या पाठीवर वाजवत फिरतोय,
बाजारात कलिंगड पारखावं तसा.

ठण. ठण. ठण.
मग एकदम बद्द.
तिथे खडूने फुली.

जेवणाच्या वेळेपर्यंत ट्रान्समवर इतक्या फुल्या
की कोरी जागाच मोजणं सोपं.

फायबरग्लास कुजत नाही,
हे मीच सांगितलं होतं व्हर्लाला
शहाऐंशी साली, ही चोवीस फुटी जुनी विकत घेताना.
लाकडी बोट म्हणजे दर वसंतात रंगरंगोटी,
हिच्यावर नुसता पाण्याचा पाइप धरायचा.
खोटं नव्हतं. काच कुजत नाहीच.
पण काचेच्या दोन पदरांत जाड प्लायवूड असतं
हे विकणाऱ्याने सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
बडा घर, पोकळ वासा.

ड्रिल लावलं.
आधी पांढरी भुकटी, मग पिवळट,
मग चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी ओलं
पात्याला चिकटून बाहेर आलं.
मागोमाग एक तपकिरी थेंब,
दुसरा,
आणि मग धारच लागली.
वास तळघरात विसरलेल्या बटाट्यांचा.

चेरीच्या बागवाल्याचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर
उलटं करून टेबलावर पसरलंय.
इंजिन उतरवणे. (क्रेन रोलँडकडे. रोलँडशी आपण बोलत नाही. तरी फोन.)
तळाला नीट टेकू देणे, कारण फरशी कापल्यावर
सांगाडा वाकला तर तसाच राहील.
फरशी कापणे.
खालचा फोम काढणे, पाणी पिऊन
एकेक ढेकूळ ओल्या मेंढीएवढं जड झालेला.
स्ट्रिंगर दोन बदलायचे की चारही?
उघडल्याशिवाय कळणार नाही.
हे शेवटचं वाक्य यादीत सहा वेळा आलंय.
मग इपॉक्सी, कापड, मास्क, ग्राइंडरच्या चकत्या.
बेरीज केली
आणि पेन्सिल खाली ठेवली.
नाकापेक्षा मोती जड.

पाणी शिरलं कुठून, हे मात्र बघायचंच होतं.
फुल्यांचा माग काढत, जिथे सगळ्यात दाट
तिथे गुडघे टेकून बसलो.
चार स्क्रू. पोहणाऱ्यांची शिडी.
चौऱ्याण्णवच्या जुलैत मीच बसवलेली.
व्हर्लाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं त्या वर्षी,
काठावरून वर ओढून घेताना ती विव्हळायची.
सीलंटची ट्यूब वाळून दगड झालेली,
रविवार, दुकान बंद.
पुढच्या आठवड्यात करू, म्हणालो.

तो पुढचा आठवडा
तीस वर्षं पाणी पीत बसला.

कॉफी घेऊन ती आली तेव्हा
मी भोकं दाखवली. सगळं सांगितलं,
कबुलीजबाब द्यावा तसं.
"कुठली शिडी?" ती म्हणाली.
मग वाकून बघितलं.
"आर्डन, दोनदा उतरले असेन मी हिच्यावरून.
पाणी काय गार होतं!"

माझ्या हातातून हातोडा घेतला,
स्वतःच वाजवू लागली,
ठण, ठण, बद्द,
माझ्या फुल्यांच्या पलीकडे, खाली, कोपऱ्याकडे,
जिथे मी पोचलोच नव्हतो.
बद्द.
"खडू," तिने हात पुढे केला.

यंदा पाण्यात उतरणार नाही, हे दोघांना माहीत.
पुढल्या वर्षाचं कुणी काढलं नाही.
कॅलेंडरच्या तळाशी चार बोटं जागा उरली होती.
"लिही," ती म्हणाली, "शिडी नको."
मी लिहिलं: शिडी.
खाली दोन रेघा मारून: सीलंट, नवी ट्यूब, आजच.
ती बघत होती, काही बोलली नाही,
कपातली माझी उरलेली कॉफी पिऊन टाकली.

साडेचार वाजले.
रोलँडला फोन अजून केलेला नाही.